रोज चालूनही वजन अडलंय? आधी काय तपासायचं, मग काय बदलायचं

रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर किंवा मालवणात दांडीच्या बाजूला सकाळी चालायला येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. पहिल्या तीन-चार महिन्यांत सहा-आठ किलो भराभर उतरले आणि आता काटा जागचा हलत नाही. चालणं तेवढंच, वेळ तीच, पण आकडा तिथेच. मग एखाद्या सोमवारी सगळं एकदम सुरू होतं: चालणं दुप्पट, रात्रीचं जेवण बंद, भात बंद, वर कुणीतरी दिलेली पावडर. पंधरा दिवसांत गुडघा धरतो, चिडचिड वाढते आणि मुंबईहून पाहुणे आले की सगळं सुटतं. वजन होतं तिथे परत जातं, कधी थोडं वरही.

यात मेहनत कमी पडली असं क्वचितच असतं. क्रम चुकलेला असतो. आधी मोजायचं, मग लिहायचं, मग जेवणात एकच बदल करायचा, त्यानंतर व्यायामाला हात लावायचा आणि शेवटी थांबायचं. बहुतेक लोक याच्या बरोबर उलट्या टोकाने सुरुवात करतात.

वजन अडतं का, तेवढं आधी

७८ किलोचं शरीर सांभाळायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ७० किलोच्या शरीराला लागत नाही. ढोबळमानाने, कमी झालेल्या दर किलोमागे रोजचा खर्च २० ते २५ कॅलरींनी उतरतो. आठ किलो गेले की १६० ते २०० कॅलरी. चालण्याचंही तसंच: हलकं शरीर तेवढ्याच अंतरात कमी खर्च करतं. त्यात वजन उतरल्यावर भूक वाढते. सुरुवातीला रोज तीनशे कॅलरींची तूट पडत असेल, तर आता ती शंभरावर आलेली असते, आणि ती शंभराची तूट भाताचा एक जास्तीचा डाव सहज भरून काढतो. तेव्हा ‘माझं शरीर हट्टी आहे’ वगैरे काही नाही. जुना हिशोब नव्या वजनाला लागू पडत नाही, इतकंच.

तयारी: काय जवळ हवं

वजनकाटा, शिंप्याची टेप, एक वही आणि स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा. शेवटची वस्तू लोक टाळतात, पण तिच्याशिवाय पुढची दुसरी पायरी अंदाजाची होते. काटा कायमचा लागत नाही, दोन-तीन आठवडे पुरे. शेजाऱ्याचा उसना आणला तरी चालेल.

वजनकाटा ठेवायची जागा आजच ठरवा. जुन्या घरांतली सारवलेली जमीन किंवा खडबडीत कोबा यावर काटा नीट बसत नाही; एक पाय अधांतरी राहिला तर आकडा अर्धा-एक किलो सहज इकडेतिकडे होतो. सपाट लादी शोधा, नाहीतर खाली जाड फळी टाका आणि काटा तिथून हलवू नका. सकाळी घरच्या काट्यावर आणि संध्याकाळी दवाखान्यातल्या काट्यावर, अशी तुलना करायचीच नाही.

सावधान: मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषध तेवढंच ठेवून भात अर्धा केला की साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि ते जास्त साखरेपेक्षा तातडीचं संकट असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर खाली सांगितलेलं प्रथिनांचं प्रमाण तुमच्यासाठी नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा लेख बाजूला ठेवावा.

पायरी १: खरंच अडलंय का? (३ आठवडे)

या तीन आठवड्यांत काहीही बदलायचं नाही. जेवण, चालणं, चहा, सगळं आहे तसंच. फक्त मोजायचं.

रोज सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करा आणि लिहा. आकडा बघून खूशही व्हायचं नाही आणि नाराजही. आठवडा संपला की सात आकड्यांची बेरीज करून सातने भागा. ही सरासरीच तुमचं खरं वजन. रोजच्या आकड्यात पाणी, मीठ, आदल्या दिवसाचं जेवण, आतड्यात राहिलेलं, सगळं मिसळलेलं असतं.

वहीतलं पान कसं दिसतं ते बघा. पहिला आठवडा, सोमवार ते रविवार: ७०.८, ७०.४, ७०.६, ७१.६, ७१.२, ७०.३, ७०.४. गुरुवारी एकदम एक किलो वाढ का? बुधवारी रात्री खारा बांगडा भाजला होता, त्यावर भात आणि सोलकढी. मिठाने पाणी धरलं, शनिवारपर्यंत ते गेलं. सरासरी आली ७०.८. दुसरा आठवडा: ७०.५, ७०.७, ७०.२, ७०.४, ७०.९, ७०.१, ७०.३. सरासरी ७०.४. म्हणजे आठवड्यात तीनशे-चारशे ग्रॅम उतरले. आता हीच व्यक्ती अधूनमधून काट्यावर चढणारी असती, तर पहिल्या सोमवारी ७०.८ आणि दुसऱ्या शुक्रवारी ७०.९ बघून ‘दोन आठवडे मरमर चालून उलट वाढलं’ म्हणाली असती. माझा अनुभव असा, की ‘अडलंय’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं वजन अडलेलंच नसतं, हळू झालेलं असतं.

कंबरही मोजा, आठवड्यातून एकदा. बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप, श्वास सहज सोडलेला, पोट आत न ओढता. पँटचा पट्टा जिथे बसतो तिथे मोजू नका. पोट सुटलेल्या माणसाचा पट्टा पोटाखाली असतो आणि आकडा खोटा येतो. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं धरतात.

पाळी येणाऱ्या बायकांनी तीन नव्हे, चार आठवडे धरायचे. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी साठणं नेहमीचंच. या महिन्यातला पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघा.

पडताळा: तीन-चार आठवड्यांत साप्ताहिक सरासरी जवळजवळ तिथल्या तिथे आणि कंबरही तेवढीच, तर वजन खरंच अडलं आहे, पुढे चला. सरासरी थोडीथोडी उतरते आहे, किंवा वजन तेच पण कंबर दोन-तीन सेंटीमीटरने कमी झाली, तर काहीही बदलू नका. चालतंय ते चालू द्या.

पायरी २: ताटाचा हिशोब (७ दिवस)

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथेच सगळ्यात जास्त थांबूया. ही नोंद पहिल्या पायरीच्या शेवटच्या आठवड्यातच केलीत तर वेळ वाचेल.

तोंडात जाईल ते सगळं लिहायचं, खाल्ल्या खाल्ल्या. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत चहाबरोबरचा खारी-टोस्ट नसतो, नातवाच्या ताटातलं उरलेलं घावन नसतं, आमटीची चव बघताना खाल्लेलं नसतं. आणि या आठवड्यात मुद्दाम कमी खाऊ नका. वहीला घाबरून शहाण्यासारखं जेवलेला आठवडा काही सांगत नाही. रविवार धरायलाच हवा. सहा दिवस वरण-भात आणि रविवारी कोंबडी-वडे, असं असेल तर वजनाचा खरा निकाल रविवारीच लागतो.

कोकणातल्या ताटात चार गोष्टी डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा जड असतात.

*नारळ.* ओलं खोबरं १०० ग्रॅम म्हणजे साधारण ३५० कॅलरी. मध्यम नारळाचं खोबरं अडीचशे-तीनशे ग्रॅम भरतं. चार माणसांच्या घरात रोज एक नारळ फुटत असेल, तर वाटप, कढी, भाजीवरचं खोबरं आणि चटणी मिळून प्रत्येकाच्या पोटात रोज सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी जातात, आणि ‘मी नारळ खाल्ला’ असं कुणाच्याच मनात येत नाही. प्रत्येक पदार्थात किती खोबरं गेलं ते मोजत बसू नका. विळीवर बसणाऱ्या माणसाला विचारा: आठवड्यात नारळ किती फुटले? भागिले घरातली जेवणारी माणसं. झाला हिशोब. नारळ वाईट असं कुणी म्हणत नाही. तो हिशोबात धरलेला नसतो, एवढीच अडचण.

*तेल.* नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख घाला. एक लिटर तेल चार माणसांत आठ दिवस पुरलं तर माणशी रोज २८ ग्रॅम, म्हणजे अडीचशे कॅलरींच्या आसपास. तीच पिशवी बारा दिवस चालली तर माणशी १९ ग्रॅम, सुमारे १७० कॅलरी. रव्यात घोळवून तळलेला मासा तव्यातलं तेल पितो. सुरमईच्या तुकडीला दोष देण्याआधी तव्यात किती ओतलं आणि किती उरलं ते बघा.

*भात.* शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे सुमारे १३० कॅलरी. १०० ग्रॅम तांदळाचा भात अडीचशे ते तीनशे ग्रॅम होतो, म्हणून वहीत ‘कच्चे’ की ‘शिजलेले’ ते दरवेळी लिहा. यात गल्लत झाली की हिशोब अडीच-तीनपट चुकतो. तुमचा नेहमीचा डाव एकदा भरून काट्यावर ठेवा. काहींच्या घरचा डाव ८० ग्रॅमचा निघतो, काहींचा दीडशेचा. ‘दोन डावच भात खातो’ या वाक्याला मग अर्थ येतो. उकडा तांदूळ पचायला सावकाश आणि पोटाला आधार देणारा आहे, पण कॅलरी पांढऱ्या तांदळाएवढ्याच. ‘उकड्याचा आहे’ म्हणून एक डाव जास्त घेणं ही आपल्याकडची खास चूक. घावन, आंबोळी, शिरवाळे हेही तांदूळच. सकाळी चार घावनं आणि दुपारी ‘भात कमी केला’, याने काही साधत नाही.

*मधलं खाणं आणि पिणं.* वीस काजू म्हणजे साधारण ३० ग्रॅम, १७० कॅलरी. डबा ओटीवर उघडा असला तर येता-जाता वीस काजू कधी होतात कळत नाही. कोकम सरबतात कोकमापेक्षा साखर जास्त. तेच कोकमाचं आगळ, म्हणजे बिनसाखरेचा रस, मीठ-जिरं घालून पाण्यातून घेतलं तर कॅलरी जवळपास नाहीतच. सोलकढी पहिल्या दाट रसाची की तिसऱ्या पातळ रसाची, यावर सगळं ठरतं. दिवसातून चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, की नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी झाल्या. शहाळं मात्र निर्दोष. त्याच्या पाण्यात १०० मिलीलीटरला २० कॅलरीही नसतात. ‘बसण्याचा’ हिशोबही ठेवा: ६० मिलीलीटरचा एक पेग साधारण १४० कॅलरी, सोबतचे शेंगदाणे आणि तळलेला जवळा वेगळा.

आंबा-फणसाबद्दल हमखास विचारतात. मध्यम हापूसचा गर शंभर कॅलरींच्या आसपास असतो. जेवणानंतर एक फोडून खाल्लात तर बिघडत नाही. चार आंब्यांचा रस वाटीने, त्यात साखर, सोबत पुऱ्या, हे वेगळं प्रकरण आहे.

पडताळा: सात दिवसांची पानं समोर ठेवा आणि सगळ्यात मोठी गळती कोणती ते लाल पेनाने खुणवा. एकच. दोन सापडल्या तर मोठी आधी.

पायरी ३: जेवणात एकच बदल (३ आठवडे)

रोजच्या २०० ते ३०० कॅलरी कमी होतील एवढाच बदल निवडा. याहून मोठा केलात तर भूक तुम्हाला परत ओढून आणेल. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बायकांनी दिवसाला १२०० आणि पुरुषांनी १५०० कॅलरींच्या खाली जाऊ नये.

गळती नारळाची असेल तर नारळ बंद करू नका, दिवस ठरवा. वाटपाचं कालवण आठवड्यातून तीनदा, बाकीच्या दिवशी बांगड्याचं तिखलं, कोकमाचं सार, कुळथाची पिठी. हे सगळं आपल्याच घरचं आहे, आजारी माणसाचं जेवण नाही. तिरफळं, कोकम, ठेचलेली लसूण आणि मिरची असेल तर वाटप अर्धं झालेलं जिभेला फारसं कळतही नाही. एकट्यासाठी वेगळा स्वयंपाक मात्र नको. घरात दोन भांडी शिजायला लागली की हा कार्यक्रम आठवड्यात बंद पडतो, आणि जी बाई दोन्ही भांडी शिजवते तिच्या जिवावर चाललेला असतो.

गळती भाताची असेल तर वाढण्याचा क्रम बदला. आधी मासा किंवा उसळ, भाजी, काकडी-कोशिंबीर. अर्धं जेवण झाल्यावर भात, आणि तोही डावाने नव्हे, ठरलेल्या वाटीने. पातेलं पुढ्यात न ठेवता आत ठेवावं. रात्री भाताऐवजी पेज चालते, कारण थोड्या तांदळात भरपूर पाणी असतं आणि पोट भरतं. पण पेजेबरोबर तळलेले पापड आणि तेलात डुंबणारं लोणचं आलं की वजाबाकी संपली.

तेलाची असेल तर बरणी ओट्यावरून काढून टाका आणि चमच्याने मोजून घाला. पाच मिलीलीटरचा लहान चमचा म्हणजे ४० ते ४५ कॅलरी. तव्यावर दोन चमच्यांत, झाकण ठेवून, मासा छान होतो. रव्याऐवजी तांदळाच्या पिठाचा हलका हात द्या.

बदल करताना प्रथिनं कमी होऊ देऊ नका, उलट थोडी वाढवा. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते गेले की शरीराचा खर्च आणखी घटतो. वजनाच्या दर किलोला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं धरा. ७० किलोच्या माणसाला ७० ते ८५ ग्रॅम. हे कसं जमतं? दोन मध्यम बांगड्यांचं दीडशे ग्रॅम मांस, सुमारे २८ ग्रॅम. दोन अंडी, १२. ४० ग्रॅम कच्च्या कुळथाची उसळ, ९. मोठी वाटी दही, ७. आणि भात-भाकरीतून दिवसभरात १५. बेरीज सत्तरीच्या वर जाते. मासे न खाणाऱ्यांना अवघड पडतं, पण मूग, चवळी, कुळीथ, पनीर, सोयाबीन आणि ताक यांवर निभतं. फक्त उसळ वाटीभर हवी, भातावर शिंपडल्यासारखी नाही.

जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या मासळीचा वाटा महाग होतो आणि घरात सुकट, सुका बांगडा, खारं निघतं. त्यात प्रथिनं भरपूर, मीठही भरपूर. दोन पाण्यांत भिजवून मगच वापरा, आणि त्या दिवसांत काटा किलोभर वर दिसला तर घाबरू नका. रक्तदाब असलेल्यांनी खाऱ्यापेक्षा अंडी आणि कुळथावर भर द्यावा.

सावधान: कोकमाने चरबी वितळते म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या मागे लागू नका. कोकमाच्या जवळच्याच जातीच्या एका फळाच्या अर्काच्या गोळ्या जगभर खपतात. वजनावर त्यांचा परिणाम नगण्य, आणि त्या घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. आगळ कढीत घाला, तिथे ते उत्तम.

पायरी ४: आता व्यायामाला हात लावा

जेवणातला बदल किमान दोन आठवडे अंगवळणी पडल्यावरच. दोन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि भूकही दुप्पट लागते.

आधी एक कटू हिशोब. ७० किलोच्या माणसाने अर्ध्या तासात अडीच किलोमीटर चालणं म्हणजे सुमारे १२० कॅलरी. परत येताना टपरीवर भजीची एक प्लेट घेतली की खर्चापेक्षा जमा जास्त. म्हणून केवळ चालणं वाढवून अडलेलं वजन सुटत नाही. व्यायाम हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी अमूल्य आहे आणि उतरलेलं वजन टिकवायला तर त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. फक्त त्याच्याकडून भलतं काम मागू नका.

बदल या क्रमाने करा.

१. दिवसभराची हालचाल परत आणा. सकाळी तासभर चाललेला माणूस ‘आज व्यायाम झाला’ म्हणून उरलेला दिवस झोपाळ्यावर काढतो आणि पाव किलो मिरच्यांसाठी स्कूटर काढतो. नकळत होतं हे. फोन पावलं मोजत असेल तर चालण्याच्या फेरीची वगळून उरलेली पावलं बघा. तिथे रोज दोन हजारांची भर घालणं हे सकाळची फेरी वाढवण्यापेक्षा सोपं आणि गुडघ्यांना हलकं.

२. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. चालणाऱ्यांनी सगळ्यात जास्त टाळलेली गोष्ट हीच. जिम नसली तरी अडत नाही. खुर्चीवरून हात न लावता उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पायरीवर चढ-उतार, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या अर्ध्या बादल्या घेऊन अंगणात फेऱ्या. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो. वजन हवं तसं कमी-जास्त करता येतं. प्रत्येक प्रकार दहा-बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. शेवटची दोन-तीन आवर्तनं जड गेली पाहिजेत. सहज होत असतील तर वजन वाढवा. श्वास रोखू नका.

३. चालण्याचा वेग बदला, अंतर नंतर. आठवड्यातून दोन-तीनदा पाच मिनिटं नेहमीच्या चालीने, मग एक मिनिट इतकं झपझप की सलग वाक्य बोलता येऊ नये, मग दोन मिनिटं सावकाश. असं सहा-सात वेळा. गप्पा मारत चालणाऱ्या घोळक्यात हे जमत नाही. त्या दिवशी घोळक्याला पुढे जाऊ द्या.

किनाऱ्यावर चालणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. मऊ कोरड्या वाळूत त्याच वेगाने चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त श्रम पडतात, ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या घट्ट वाळूत बरेच कमी. पावलं मोजणाऱ्या घड्याळाला यातला फरक कळत नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सकाळी सहाला घट्ट वाळू मिळणारा आठवडा आणि मऊ वाळूत पाय रुतवणारा आठवडा आलटून पालटून येतात. म्हणून अंतर न धरता वेळ धरा. मऊ वाळूची सवय दहा मिनिटांपासून करा, नाहीतर टाचेची आणि पोटरीची शीर धरते. किनारा पाण्याकडे उतरता असतो. जाताना ज्या उतारावरून गेलात त्यावरूनच परत या, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा ताण येतो.

सावधान: पावसात शेवाळलेल्या पाखाडीवर व्यायाम म्हणून चढ-उतार करू नका. जांभ्याची ओली पायरी दगा देते, आणि मोडलेला घोटा सहा महिन्यांचं वजन परत आणतो. जून ते सप्टेंबर पडवीत फेऱ्या, घरातला जिना आणि बादल्या. चढताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर असं काही वाटलं तर तिथेच थांबा आणि सरळ दवाखाना गाठा.

ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे वजन अर्धा-एक किलो वाढलेलं दिसू शकतं. दुखऱ्या स्नायूंत पाणी धरलेलं असतं. बहुतेक लोक नेमके इथे सोडून देतात. कंबरेची टेप बघा, काटा नको.

पायरी ५: झोप

थोडक्यात: पाच-साडेपाच तास झोपून पहाटे उठून चालण्यापेक्षा सात तास झोपून अर्धा तास कमी चाललेलं बरं. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि ती उसळीची नसते, गोड-तेलकटाची असते. भजनं, दशावतार, पालखी यांची जागरणं व्हायचीच. त्याच्या दुसऱ्या दिवशी जड व्यायाम ठेवू नका.

पायरी ६: थांबा आणि निकाल वाचा

तीन आठवडे झाले की सरासरी आणि कंबर पुन्हा ताडून बघा.

- आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरतंय: काहीही नवं करू नका. ‘छान चाललंय, अजून थोडं कमी करू’ हा मोह आवरा.
- वजन तिथेच, कंबर कमी: तेच चालू ठेवा.
- दोन्ही तिथेच: पुन्हा तीन दिवस जेवण छोट्या काट्यावर मोजून लिहा. बहुधा वाटीचा डाव झालेला असतो. मोजमाप पक्कं असेल, तरच लाल पेनाची दुसरी गळती घ्या.
- सलग पाच-सहा महिने कमी खाताय, थकवा आहे, सतत खाण्याचेच विचार येतात: दोन आठवडे तूट बंद करा. वजन स्थिर राहील एवढं, म्हणजे रोज दोन-तीनशे कॅलरी जास्त, खा. व्यायाम चालू ठेवा. मग परत तिसऱ्या पायरीवर या.

हे दोन आठवडे कधी घ्यायचे, याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात घर भरलेलं असताना वजन कमी करायचा हट्ट धरू नका. त्या काळात आहे ते टिकवणं हेच ध्येय ठेवा. उकडीचे मोदक मोजून दोन घ्या, तूप घालून खा आणि वहीत लिहा. विसर्जनानंतर काटा दीड-दोन किलो वर दिसेल, त्यातलं बरंचसं पाणी असतं. नेहमीच्या जेवणावर आठवडाभर राहा, मगच आकडा खरा माना. दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास आणि त्यात साबुदाण्याची खिचडी, हा उपाय नव्हे. शेंगदाणे, तूप आणि साबुदाणा मिळून त्या दिवशीचा हिशोब नेहमीपेक्षा वरच जातो.

पायरी ७: डॉक्टरांकडे कधी जायचं

दोन बदल करून, मोजमाप पक्कं ठेवून, आठ-दहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर जा. त्याआधीच जायची लक्षणं अशी: सारखी थंडी वाजणं, केस गळणं, बद्धकोष्ठता आणि थकवा एकत्र, पाळी अनियमित होणं किंवा हनुवटीवर केस येणं, पावलांवर सूज, जोरात घोरणं आणि दिवसा पेंग. थायरॉइडची टीएसएच, साखरेची एचबीएवनसी आणि हिमोग्लोबिन या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात किंवा उतरू देत नाहीत. ती स्वतः बंद करायची नाहीत. पर्याय आहे का, एवढंच विचारायचं. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी कुणी दिलेली बिननावाची पुडी चालू असेल तर तीही दाखवा. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

आणि एक प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा: अजून उतरवायची गरज आहे का? किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा आकडा भारतीयांसाठी २३ च्या आत असेल आणि कंबरही मर्यादेत असेल, तर तुमचं वजन अडलेलं नाही, ते पोचलेलं आहे. आकडा त्याहून वर असला तरी मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झालेली असेल तर साखर आणि रक्तदाबात फरक पडायला लागलेला असतो. जाताना वही न्यायला विसरू नका. आठवड्यांच्या सरासऱ्या, कंबर आणि त्या सात दिवसांच्या जेवणाची पानं बघून डॉक्टरांना जे पाच मिनिटांत कळतं, ते ‘मी तर काहीच खात नाही’ या वाक्यावरून कळत नाही.